पिठलं-भाताची रात्र आणि परत न केलेली साडी

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

"ताई, मी 59 वर्षांची आहे. घोडबंदर रोडला राहते. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. 1989 च्या जुलैत मी आणि माझा मोठा भाऊ बदलापूरहून ठाण्याच्या गडकरी रंगायतनला रात्रीच्या नाटकाच्या प्रयोगाला आलो होतो. मध्यंतरात कुजबुज सुरू झाली की कुर्ल्याला रुळांवर पाणी आलंय, गाड्या बंद आहेत. प्रयोग संपला तेव्हा बाहेर नुसता धो-धो पाऊस. आम्ही दारातच थांबलो. नाटकाचे निर्माते, तेच त्यातले मुख्य नटही, निघता निघता थबकले. 'कुठे जायचंय?' भावाने 'बदलापूर' म्हटल्यावर त्यांनी पत्नीकडे पाहिलं. सगळे त्यांना वहिनी म्हणत. वहिनी म्हणाल्या, 'चला, चरईत घर आहे आमचं, चालत दहा मिनिटं.'

आम्ही अकरा-बारा जण त्या दोन खोल्यांत. दादरची बस निघू शकली नव्हती, म्हणून नाटकातले बाकीचेही तिथेच. मी नखशिखान्त भिजले होते. वहिनींनी त्यांची साडी नेसायला दिली, पांढरी सुती, निळ्या काठांची. मग पिठलं-भात. ते स्वतः कांदा चिरत होते, डोळ्यांत रंगभूषेचं काजळ तसंच. मला लसूण सोलायला बसवलं. माझा भाऊ तेव्हा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अप्रेंटिस होता. त्यांनी त्याला लेथ कसा चालतो ते इतकं बारीक विचारलं की एरवी न बोलणारा माझा भाऊ अर्धा तास बोलत होता. जेवणं झाल्यावर भेंड्या. दोन वाजता त्यांनी एक नाट्यपद म्हटलं, शेजारी जागे होऊ नयेत म्हणून अगदी हळू आवाजात. शेजारी जागेच होते. ते चहाचं पातेलं घेऊन आले.

सकाळी गाडी सुरू झाली. मी साडी धुऊन, इस्त्री करून आणून देणार होते. मग लग्न ठरलं, नाशिकला गेले, मुलं झाली, ठाण्याला परत आले ती वीस वर्षांनी. साडी अजून माझ्या कपाटात आहे. ते आठ वर्षांपूर्वी गेले, पेपरात वाचलं. गेल्या महिन्यात संध्याकाळी तलावपाळीच्या बाकावर वहिनी दिसल्या. ऐंशीच्या घरात असतील. सोबत सांभाळणारी मुलगी होती. माझे पाय पुढे झाले नाहीत. मुलगा म्हणतो, 'आई, नाटक-सिनेमावाले सगळ्यांशीच गोड वागतात, तो त्यांचा धंदा आहे. त्यांना शेकडो लोक भेटले असतील. कशाला जातेस?' मलाही वाटतं, इतक्या वर्षांनी गेले तर त्यांना वाटेल काहीतरी मागायला आली. काय करू?"

ताई,

आधी उत्तर देते, कारणं नंतर. जा. तलावपाळीवर एकदम समोर उभ्या राहू नका. आधी पत्र, मग फोन, मग घरी. आणि हे याच महिन्यात करा. पितृपंधरवडा आहे, नातवाची परीक्षा आहे, पाऊस थांबू दे, असं म्हणत पुढे ढकलू नका.

माझे वडील नाटकाच्या धंद्यातच होते, पडद्यामागे. डिमरवर, म्हणजे रंगमंचावरचे दिवे कमी-जास्त करायच्या यंत्रावर बसायचे. त्यामुळे तुम्ही ज्या घरात एक रात्र राहिलात, तसल्या घरांमध्ये माझं अर्धं बालपण गेलं. रंगभूषा उतरवायला खोबरेल तेल लागतं, हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं. म्हणून तुमच्या मुलाच्या मुद्द्याशी आधी बोलते, कारण तो चुकीचा असला तरी अनेकांच्या मनात असतो.

नाटकवाल्यांच्या घरी रात्री बारा वाजता चूल का पेटते, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. प्रयोगाआधी नट पोटभर जेवत नाही. जड पोटाने श्वास पुरत नाही, आवाज लागत नाही. संध्याकाळी पोहे किंवा चहा-बिस्कीट, मध्यंतरात फार तर एक वडा. साडेआठचा प्रयोग साडेअकराला संपतो, रंग उतरवेपर्यंत बारा. म्हणजे त्या माणसाचं दिवसाचं खरं जेवण मध्यरात्री. बरं, जेवून लगेच झोप लागते म्हणावं, तर तेही नाही. तीन तास आठशे-हजार लोकांसमोर ताणलेलं शरीर घरी आल्या आल्या मिटत नाही. माझे वडील तर नुसते दिवे खालीवर करायचे, तरी प्रयोगाच्या रात्री तीनपर्यंत अंथरुणावर बसून असायचे. आई म्हणायची, यांचा पडदा घरी पडतच नाही. अशा वेळी एकटं जेवायला बसणं फार जड जातं. जो तो कुणीतरी बरोबर असावं म्हणून धडपडतो. त्यातून या लोकांची ती मध्यरात्रीची पंगत तयार झालेली आहे.

आणि ठाण्याचा प्रयोग म्हणजे चरईत राहणाऱ्यांना घरचा प्रयोग. रंगायतन 1978 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून ठाण्यातल्या कलावंतांना निदान काही रात्री तरी आपल्या गावात काम करून पायी घरी जाता येऊ लागलं. दादरला शिवाजी मंदिर नाट्यगृहात प्रयोग असला की शेवटच्या गाडीची घाई, दौऱ्यावर असले की लॉजची खोली. घरच्या स्वयंपाकघरात, घरच्या ताटात सगळ्यांना वाढायची संधी फक्त मासुंदा तलावाच्या काठच्या, रंगायतनमधल्या त्या प्रयोगानंतर. वहिनींनी ती संधी घेतली. पाऊस तुम्हाला घरी नेण्याचं निमित्त होता, पातेली मात्र मोठीच होती त्या घरात, नाहीतर बारा जणांचा भात दोन खोल्यांच्या घरात कुठून शिजला असता?

आता एक गोष्ट सांगते जी तुमच्या पत्रात नाही, कारण ती तुम्हाला तेव्हा कळायला वाव नव्हता. तुम्ही बावीस-तेवीस वर्षांच्या होतात आणि तुमच्या दृष्टीने ते मोठे लोक होते. जुलैतला मुसळधार पाऊस, रात्रीचा प्रयोग. अशा दिवशी आगाऊ बुकिंग जेमतेम असतं आणि करंट बुकिंगची, म्हणजे ऐनवेळच्या तिकिटांची, खिडकी ओस. पाऊस म्हणून खर्च थांबत नाही. नाट्यगृहाचं भाडं, पेपरातली जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची नाइट (प्रयोगाचं मानधन), पडद्यामागच्यांचे पैसे हे सगळं निर्मात्याच्या खिशातून जातं, मग समोर हजार माणसं असोत की दीडशे. त्या रात्री त्या गृहस्थांना पदरचे पैसे घालावे लागले असतील, याची मला जवळजवळ खात्री आहे. वर बस अडकली, म्हणजे कलाकारांच्या राहण्याची जबाबदारी त्यांच्यावरच. आणि त्या माणसाने दारात उभ्या असलेल्या दोन अनोळखी मुलांना विचारलं, कुठे जायचंय. घरी जाऊन कांदा चिरला. लेथ कसा चालतो ते विचारलं.

हे तुमच्या मुलाला सांगा. गोड वागणं हा धंदा असता, तर तो तिकीट विकण्याआधी चालतो. प्रयोग संपल्यावर, तोट्याच्या रात्री, बदलापूरच्या अप्रेंटिसशी अर्धा तास बोलून कुठलं नाटक चालतं? तुमच्या भावाने बाहेर जाऊन वाहवा करावी म्हणून? माझ्या वडिलांनी असे निर्माते पाहिले होते, आणि उलट प्रकारचेही पाहिले होते. पडद्यामागच्या माणसाला बाहेर पायरीवर डबा खायला लावणारे होते. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, मी वर ते गाळलं होतं, आता देते: "पडदा ओढणारा मुलगा आणि नाटकाची नायिका शेजारी शेजारी बसले होते, आणि ते दोघं नवरा-बायको सगळ्यात शेवटी जेवले." ज्या घरात अशी पंगत बसते, त्या घराबद्दल मला आणखी काही विचारायची गरज वाटत नाही.

राहिलं "सगळ्यांशीच असं वागतात". वागत असतील. मग? पंगतीत शेजारच्याच्या ताटातही पुरणपोळी पडली म्हणून आपली फिकी झाली, असं कुणाला वाटतं का? उलट ज्यांनी तीस-चाळीस वर्षं शेकडो लोकांना जेवू घातलं, त्यांच्यापैकी किती जण परत येऊन काही बोलले असतील याचा विचार करा. ते गेल्यावर शोकसभा झाली असेल. भूमिकांवर भाषणं झाली असतील, आवाजावर, संवादफेकीवर, पुरस्कारांवर. वहिनींनी ते सगळं ऐकलं असेल, आणि त्यातलं बरंचसं त्यांना आधीपासून पाठ असेल, कारण ते सगळं प्रेक्षागृहातून दिसणारं आहे. डोळ्यांत काजळ तसंच ठेवून कांदा चिरणारा त्यांचा नवरा फार थोड्या लोकांनी पाहिलाय. त्या थोड्यांतल्या तुम्ही एक.

माझ्याबद्दल एवढंच सांगते. विष्णुनगरात एक ज्येष्ठ अभिनेत्री राहायच्या. वडिलांना प्रयोगानंतर उशीर व्हायचा तेव्हा मी त्यांच्याकडे झोपायचे. त्यांनी मला स्वतःच्या हाताने वेणी घालून शाळेत पाठवलंय, आदल्या रात्री दोन-दोन प्रयोग केलेले असताना. मोठी झाल्यावर मला त्यांना खूप काही लिहायचं होतं. लिहिलं ते त्या गेल्यानंतर, त्यांच्या बहिणीला. बहिणीने उत्तर पाठवलं, दोन ओळींचं. त्यात रागाचा लवलेश नव्हता. लिहिलं होतं, तुमचं पत्र मी तिच्या फोटोसमोर वाचून दाखवलं. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय आणि ते उघडून वाचणं मला आजही जमत नाही.

म्हणून घाई करा म्हणते.

आता कसं जायचं ते. बाकावर एकदम पुढे जाऊ नका असं म्हटलं, कारण ऐंशीच्या माणसाला चारचौघांत "ओळखलंत का मला?" विचारणं म्हणजे परीक्षेला बसवणं. नाव आठवत नाही, चेहरा आठवत नाही, आणि सोबतची मुलगी बघतेय. त्या हसून "हो हो" म्हणतील आणि तुम्ही दोघी अवघडून जाल. पत्र मात्र त्यांना सावकाश, चष्मा लावून, दोनदा वाचता येईल. हाताने लिहा, अक्षर मोठं ठेवा, एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. पहिल्या चार ओळींत साल, पाऊस, बदलापूर, साडी हे सगळं येऊ द्या. खाली तुमचा फोन नंबर, आणि एवढं एक वाक्य: भेटायची इच्छा आहे, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हाच. म्हणजे मागायला आली असं वाटण्याचा प्रश्न तिथेच मिटतो. चरईतल्या जुन्या इमारती आता बऱ्याच पाडून नव्याने उभ्या राहिल्यात, पत्ता बदलला असेल. रंगायतन नूतनीकरणानंतर 2025 मध्ये पुन्हा उघडलं आहे. तिथल्या जुन्या माणसांना किंवा बुकिंगच्या खिडकीवर विचारलंत, तर पत्र पोचवणारं कुणीतरी भेटेल. त्यांचा पत्ता मागू नका, पत्र तेवढं द्या.

पत्र लिहिण्याआधी भावाला फोन करा आणि त्याला त्या रात्रीबद्दल विचारा. तुम्ही स्वयंपाकघरात होतात, तो बाहेरच्या खोलीत. त्याच्याजवळ त्या रात्रीचा दुसरा अर्धा भाग आहे. कुठलं पद म्हटलं, कुणी पेटी काढली, कोण कोपऱ्यात आधीच झोपून गेलं. तुमचं दोघांचं जुळणार नाही, ते चांगलंच आहे. जमलं तर भेटायला त्यालाही न्या. त्या गृहस्थांनी त्याला ऐकून घेतलं होतं, ते त्याने वहिनींना स्वतः सांगावं.

बोलावलं, तर संध्याकाळी पाचच्या सुमारास जा. दुपारी या वयाची माणसं आडवी होतात. तासाभरात उठा. फोन पिशवीतच राहू द्या. त्यांच्याबरोबर फोटो काढावासा वाटेल, तर दुसऱ्या भेटीत काढा, पहिल्या भेटीत नको. नाटकवाल्यांच्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस फोटोसाठी येतो.

आणि त्यांच्या नवऱ्याचं नाव घ्या. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की पाहुणे त्याचा विषय टाळतात, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून. मग त्या घरात त्या माणसाचं नाव ऐकूच येईनासं होतं. तुम्ही सांगा, ते कांदा कसा चिरत होते, बारीक की जाडाभरडा, काय बोलत होते. वहिनींना रडू आलं तर येऊ द्या, लगेच पाण्याचा पेला पुढे करू नका.

त्यांना ती रात्र अजिबात आठवली नाही, असंही होईल. मला तर तीच शक्यता जास्त वाटते. त्या घरात अशा किती रात्री झाल्या असतील! त्याचं मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला आठवतंय, तेवढं पुरे आहे. तुम्ही सांगत जा, त्या ऐकतील, आणि मध्येच म्हणतील, अगं, ते चहावाले शेजारी म्हणजे अमुक. किंवा म्हणतील, नाही, त्या दिवशी पिठलं नव्हतं, आमटी होती. वाद घालू नका. आमटी तर आमटी.

पत्राला उत्तरच आलं नाही, तर पाच नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला, एक साधं शुभेच्छापत्र पाठवा आणि थांबा. न बोलावता दारात जाऊ नका. तुम्ही तुमचं सांगितलंत, ते त्यांच्यापर्यंत पोचलं, एवढंही खूप आहे.

साडीचं मी शेवटी ठेवलं, कारण मला वाटतं तुमचं खरं ओझं ते आहे. छत्तीस वर्षं तुम्ही ती वापरली नाहीत, टाकली नाहीत, बोहारणीला दिली नाहीत. ती घेऊन जा. पण आधी कपाटातून काढून बघा. सुती कापड एकाच घडीत इतकी वर्षं राहिलं की घडीच्या रेषेवर विरतं. पुन्हा धुऊ नका, खळ घालू नका, उन्हात टाकू नका. सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस पसरा आणि वेगळ्या ठिकाणी घडी घाला. विरलीच असेल तर विरलेली न्या. नवी साडी घेऊन तिच्या जागी देऊ नका. वेगळी भेट म्हणून द्यायची असेल तर द्या, पण ही म्हणजे हीच.

आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साडीबरोबरही काहीतरी जायला हवं. माझ्या मते तुम्ही पिठलं करून न्यावं. त्यांना तिखट चालतं का, लसूण चालतो का, हे सोबतच्या मुलीला फोनवर आधी विचारा. भात तिथेच लावा, गरम हवा. आणि त्यांनी परवानगी दिली तर त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून लसूण सोला. त्या म्हणतील, पाहुण्या तुम्ही, राहू द्या. तरी सोला.

साडी ठेवून घ्यायची की तुम्हालाच परत द्यायची, ते वहिनींना ठरवू द्या. परत दिली तर नाही म्हणू नका आणि या वेळी नेसा.

पत्राची सुरुवात सुचत नाही म्हणून दिवस जातील, हे मला माहीत आहे, म्हणून पहिल्या दोन ओळी लिहून देते. पुढचं तुमच्या शब्दांत लिहा.

"ती. वहिनींस सा. न. 1989 च्या जुलैत गाड्या बंद पडल्या त्या रात्री तुमच्याकडे लसूण सोलायला बसलेली बदलापूरची मुलगी मी. तुमची निळ्या काठांची पांढरी साडी माझ्याकडे आहे."